नर्स हव्यात, पण पगार द्यायला नको?

घरातल्या मुलीने बीएससी नर्सिंगची 4 वर्षं पूर्ण केली की सगळे म्हणतात, ‘हिला आता नोकरीची काय कमी!’ तसं ते खरंही आहे. सरकारी आकड्यांनुसार आपल्याकडे दर 1,000 लोकांमागे जेमतेम 2 नर्स आहेत, हव्यात 3. मग पहिल्याच मुलाखतीत पगार ऐकून तिचा चेहरा का पडतो?

हॉस्पिटलचं एखादं जुनं बिल काढून बघा. डॉक्टरांची व्हिजिट, तपासण्या, औषधं, सगळ्यांच्या वेगळ्या रकमा. नर्सचं काम मात्र बहुतेक वेळा खोलीच्या भाड्यात मिसळलेलं असतं, फार तर दिवसाला एक ठरावीक रक्कम. एका नर्सने 5 रुग्ण सांभाळले काय किंवा 12, बिल तेवढंच. त्यात विमा कंपनी किंवा आयुष्मान भारतसारखी योजना असेल, तर ऑपरेशनचं पॅकेज आधीच ठरलेलं. मग काटछाट कुठे होणार? नर्सची गरज असते, पण जागा भरली जात नाही. भरलीच तर नवशिक्या मुलीला ‘ट्रेनी’ म्हणून कमी पैशांत घेतात. रात्रपाळीत ती ट्रेनी आहे हे रुग्णाला थोडंच कळतं!

सर्वोच्च न्यायालयाच्या 2016च्या आदेशानंतर केंद्राने समिती नेमली. तिच्या शिफारशी स्पष्ट होत्या. 200 पेक्षा जास्त खाटा असतील तर राज्य सरकारी नर्सइतका पगार आणि 50 पेक्षा कमी खाटा असतील तरी किमान 20,000 रुपये. अंमलबजावणी मात्र राज्यांवर सोडली. केरळमध्ये नर्सेसची संघटना रस्त्यावर उतरली, तेव्हा कुठे 2018मध्ये तिथल्या सरकारने किमान 20,000 मूळ वेतनाची अधिसूचना काढली. बाकी ठिकाणी एवढा आवाज उठलाच नाही.

म्हणूनच एम्सच्या नॉरसेट परीक्षेला एवढी गर्दी होते. तिथे सुरुवातीचं मूळ वेतनच 44,900 रुपये आहे. मुलीला ही तयारी करायची असेल तर तिला एक वर्ष द्या, लगेच ‘मिळेल ती नोकरी धर’ म्हणू नका. खासगीत जायचंच असेल, तर मुलाखतीत तिने बिनधास्त विचारावं: खाटा किती, रात्रपाळीत एका नर्सकडे रुग्ण किती, ट्रेनीचा काळ कधी संपणार? आणि हे सगळं नियुक्तिपत्रात लिहून घ्यावं. मूळ प्रमाणपत्रं मागितली तर दाखवावीत, जमा मात्र झेरॉक्सच करावी.