विनामूल्य शिबिराचे दुसरे वर्ष

मे महिना उजाडला की गावोगावी मुलांसाठी विनामूल्य क्रीडाशिबिरांचे फलक झळकू लागतात. आपल्या अनेक धर्मग्रामांनाही ही प्रथा परिचयाची आहे. आठ-दहा वर्षांची मुले टोपी, शिट्टी आणि नवा चेंडू यांच्या ओढीने धावत येतात, समारोपाला छायाचित्र निघते आणि जून उजाडताच सारे विसरले जाते. या उत्साहाला आम्ही नावे ठेवू इच्छित नाही. मात्र पालघर तालुक्यातील मुरबे या मच्छीमार गावाचा विचार करताना आमच्यासमोर वेगळाच प्रश्न उभा राहतो : अशा गावात मुलांना नवा खेळ विनामूल्य शिकवायचा, तर तो दुसऱ्या वर्षी टिकावा म्हणून काय लागते?

याचे एक उत्तर कुलाब्यात मिळते. कफ परेडच्या आंबेडकर नगर वस्तीत वाढलेल्या अशोक राठोड यांचे वडील ससून डॉकवर काम करीत. बरोबरीची मुले शाळा सोडून त्याच गोदीत मासळीच्या कामाला लागतात, हाती पैसा येताच जुगार आणि दारूकडे वळतात, हे अशोक यांनी जवळून पाहिले होते. २००६ साली, स्वतः अठरा वर्षांचे असताना, त्यांनी वस्तीतील अठरा मुलांना फुटबॉल शिकवायला आरंभ केला. शुल्क नव्हते. अट एकच : शाळेत जाणार नाही त्याला फुटबॉल नाही. पुढे मुलीही आल्या आणि या उपक्रमातून ऑस्कर फाउंडेशन उभे राहिले. शिकवणारा वस्तीतलाच असल्यामुळे कोणता मुलगा शाळा चुकवून गोदीवर गेला, हे त्याला हजेरीपट न पाहताही कळत असे. मुरबे आणि खाडीपलीकडील सातपाटी येथील पालकांना हे चित्र परके वाटणार नाही. चौदा-पंधराव्या वर्षी बोटीवर गेलेला मुलगा शाळेत परतणे दुर्मीळच.

खेळ नवाच का हवा, असेही कोणी विचारील. क्रिकेट घरोघरी आहेच. परंतु क्रिकेटच्या मैदानावर ज्याच्या मोठ्या भावाची बॅट आहे तो आधीच पुढे असतो आणि मुली सीमारेषेबाहेर उभ्या असतात. अनोळखी खेळात मात्र सारेच शून्यापासून आरंभ करतात. बोटमालकाचा मुलगा आणि खलाशाचा मुलगा दोघेही पहिल्या दिवशी सारखेच अडखळतात. मॅथ्यू स्पेसी या इंग्रज रग्बीपटूने मुंबईतील रस्त्यावरच्या मुलांना रग्बी शिकविली आणि त्यातून १९९९ साली मॅजिक बस ही संस्था उभी राहिली. त्या मुलांसाठी तो खेळ नवा होता, हीच तिची जमेची बाजू असावी असे आम्हांस वाटते.

विनामूल्य याचा अर्थ खर्च नाही असा नव्हे. तो दुसरे कोणीतरी करते एवढेच. बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीला लागून असलेल्या गावांना ही बाब महत्त्वाची आहे. २०१३च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार वार्षिक निव्वळ नफा पाच कोटी रुपये वा अधिक असलेल्या कंपनीला मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कार्यावर खर्च करावे लागतात. ग्रामीण खेळ आणि ऑलिंपिक खेळ यांचे प्रशिक्षण त्या कार्याच्या यादीत स्पष्टपणे आहे. परिसरातील गावांना प्राधान्य द्यावे, असेही कायदा सांगतो. आरंभाचे वर्ष सोडून आणखी तीन वर्षे चालणारा प्रकल्पही नियमांना मान्य आहे. तेव्हा दहा दिवसांचे शिबिर भरवून मोकळे होण्याचे कारण कायद्यात नाही. टी-शर्टांवर खर्च होणारी रक्कम गावातील दोन तरुण-तरुणींना प्रशिक्षक म्हणून तयार करण्यावर आणि त्यांना वर्षभर मानधन देण्यावर का खर्च होऊ नये? ग्रामपंचायतीने हे मागावे लागते. न मागता टी-शर्टच मिळतात.

गावच्याच माणसाचे मोल तमिळनाडूतील कोवलमने दाखवून दिले आहे. तेथील मूर्ती मेगावन हे स्वतः मच्छीमार. त्यांनी किनाऱ्यावरील मुलांना लाटांवर स्वार होण्याचा सर्फिंग हा खेळ विनामूल्य शिकविला आणि व्यसनांपासून दूर राहण्याची अट घातली. केरळातील कोवलम वेगळे, पण तेथेही शाळेत जाणाऱ्या मुलांना सर्फिंग विनामूल्य शिकविणारा क्लब उभा राहिला. त्याच किनाऱ्यावर घडलेल्या रमेश बुदिहाळ यांनी ऑगस्ट २०२५ मध्ये महाबलीपुरम येथे आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत कांस्यपदक मिळविले. सर्फिंगमध्ये आशियाई स्तरावर वैयक्तिक पदक मिळविणारे ते पहिले भारतीय.

मुरबे येथे सर्फिंग सुरू करावे, असे आम्ही सुचवीत नाही. आपल्या समुद्राचा स्वभाव निराळा आहे. येथे ओहोटीला पाणी दूरवर मागे सरते आणि घट्ट वाळूचे प्रशस्त मैदान दिवसातून दोनदा उघडे पडते. भरती आली की तेच मैदान नाहीसे होते. ही वेळ दररोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. रोज सायंकाळी पाचला, असे वेळापत्रक शहरातून छापून आणणाऱ्या प्रशिक्षकाला आठवड्याभरात त्याच जागी गुडघाभर पाणी भेटेल. जाळ्यांची डागडुजी कोठे चालते, सुकी मासळी कोठे पसरलेली असते, एक जून ते एकतीस जुलै या मासेमारी बंदीच्या काळात बोटी कोठे ओढून ठेवलेल्या असतात, हे गावकऱ्याला सांगावे लागत नाही.

आणि मुख्य प्रश्न त्या वाळूचाच आहे. डहाणू तालुक्यातील वाढवण बंदराला केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये मंजुरी दिली; ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे त्याचे भूमिपूजन झाले. पाठोपाठ २०२५ मध्ये खुद्द मुरबे येथील बंदराचा प्रस्ताव पुढे आला आणि मच्छीमारांनी त्यास विरोध केला. या वादात मासळी, रोजगार, भरपाई यांची चर्चा होते आणि व्हायलाच हवी. मुलांच्या खेळण्याच्या जागेविषयी मात्र कोणी बोलत नाही, कारण ती जागा कोणाच्या सातबाऱ्यावर नाही. खेळाचे मैदान म्हणून तिची कोठेही नोंद नसेल, तर भरपाईच्या हिशेबात ती येणार तरी कशी? मुरबे येथे कोणताही खेळ शिकविण्याचे ठरले, तर पहिल्या चेंडूआधी ग्रामसभेत ठराव व्हावा आणि मुले कोठे खेळतात ते नकाशावर दाखवावे, अशी आमची सूचना आहे.