खापर वाचकाच्या डोक्यावर

"वाचकांना हेच लागतं हो." ठाणे-कल्याण पट्ट्यातल्या बातम्यांबद्दल कुरकुर केली की हे उत्तर ठरलेलं. त्यामागचा युक्तिवाद आधी नीट मांडतो. वृत्तपत्र असो की चॅनेल, शेवटी तो धंदा आहे. पगार आणि कागदाची बिलं नफ्यातून भागतात, नफा खपातून येतो. लोकलमध्ये चेंगरून घरी आलेल्या डोंबिवलीकराला पालिकेचं अंदाजपत्रक वाचायचं नसतं. त्याला खून, हाणामारी आणि नेत्यांची जुगलबंदी हवी असते. तेव्हा बातम्या उथळ झाल्या असतील तर दोष वाचकाचा.

यातला खरा भाग आधीच मान्य करतो. परवा मोबाइलवर दोन बातम्या एकाखाली एक होत्या: शुक्रवारी पाणी बंद, आणि लोकलच्या डब्यात सीटवरून झोंबाझोंबी. मी आधी झोंबाझोंबी उघडली. पाण्याची बातमी आठवली ती शुक्रवारी सकाळी, कोरड्या नळाखाली बादली लावल्यावर. पण माझी आवड यातली कोणती? बोटानं दाबलं ते मोजलं गेलं. बादलीपाशी चरफडलो, ते कुणाच्या हिशेबात आलं नाही. आवड म्हणून जे दाखवलं जातं ते बहुतेक वेळा असं रिकाम्या बोटाचं मोजमाप असतं.

आता दुसरं. गिऱ्हाईक राजा म्हणता, पण गिऱ्हाईक कोण? चार-पाच रुपयांच्या अंकातून त्याचा छपाईखर्चसुद्धा सुटत नाही. बाकीचा भार जाहिराती उचलतात, आणि त्या कुणाच्या हे स्थानिक पुरवणीची पानं उलटली की दिसतं: बिल्डर, सराफ, कोचिंग क्लास आणि 'भावी' आमदारांचे वाढदिवस. रविवारचा अंक उघडावा तर आधी घोडबंदर रोडवरच्या टॉवरचं अख्खं पान. झाडी हिरवीगार, रस्ता मोकळा, एकही ट्रक नाही. घोडबंदरच्या कोंडीची बातमी त्याच अंकात आत कुठेतरी, एका कॉलमात. ही मांडणी वाचकाला विचारून झालेली नसते.

अजून शंका असेल तर २००९ची विधानसभा निवडणूक आठवा. उमेदवारांना बातम्यांची 'पॅकेजं' विकली जात असल्याची चर्चा तेव्हा उघडपणे झाली. तत्कालीन मुख्यमंत्र्यांची स्तुती करणारा जवळजवळ सारखाच मजकूर वेगवेगळ्या मराठी दैनिकांत छापून आल्याचं पी. साईनाथ यांनी 'द हिंदू'त दाखवून दिलं. पैसे मोजल्याचा आरोप मुख्यमंत्र्यांनी नाकारला. पुढं २०१०मध्ये प्रेस कौन्सिलच्या उपसमितीनं 'पेड न्यूज'वर अहवालही दिला. तो मजकूर आम्हाला वाचायचाय, अशी मागणी कोणत्या वाचकानं केली होती?

तिसरा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ९ जून २०२५च्या सकाळी दिवा-मुंब्रा दरम्यानच्या वळणावर दोन गच्च भरलेल्या लोकल शेजारून गेल्या आणि दारात लटकलेले प्रवासी खाली पडले. त्या दिवशी चौघांचा जीव गेला. ती बातमी देशभर गाजली, लोकांनी ओळ न् ओळ वाचली. म्हणजे या विषयाची आवड होतीच. मुंबईच्या उपनगरी मार्गांवर वर्षाला २,०००हून अधिक माणसं मरतात, रोजची पाच-सहा. एकेक गेला की दोन ओळी, चौघे एकदम गेले की 'ब्रेकिंग'. असं का? अपघाताची क्लिप कुणीतरी फुकट पाठवतो. दिव्याच्या फलाटावर महिनाभर सकाळी उभं राहून कोणती गाडी किती भरून येते, किती उशिरा येते हे लिहून काढायचं तर एका वार्ताहराचा महिन्याचा पगार लागतो. वार्ताहर बातमीमागे पैसे मिळवणारा, वर जाहिराती आणायचं टार्गेट असलेला. तो कसला उभा राहतोय? 'आवड' हे पांघरूण आहे. त्याखाली स्वस्त माल आहे.

याच्या उलट टोकाला "मीडिया विकला गेला, नफा म्हणजेच पाप" म्हणणारे आहेत. तेही मला पटत नाही. ठाण्यातून १८६६ साली 'अरुणोदय' निघालं, तेव्हापासून पत्र चालवायचं तर कुणीतरी खर्च सोसावा लागतो हे बदललेलं नाही. स्वतःच्या कमाईवर न उभं राहणारं पत्र कुणाच्या तरी खांद्यावर बसतं, आणि आपल्याकडे तो खांदा बहुधा पुढाऱ्याचा असतो. नफा हवाच. फक्त जाहिरात आणणाऱ्यानं बातमीच्या टेबलापाशी यायचं नाही, आणि वार्ताहराच्या गळ्यात जाहिरातीचं टार्गेट बांधायचं नाही. एवढं पाळलं तरी पुष्कळ.

आणि बातमीचं मोल ठरवायची कसोटी बदलायला हवी: ती अपघाताच्या आधी आली की नंतर? डोंबिवली एमआयडीसीत २६ मे २०१६ला स्फोट झाला, २३ मे २०२४ला पुन्हा झाला. दोन्ही वेळा पानंच्या पानं भरली. मधल्या आठ वर्षांत कोणत्या कारखान्याची तपासणी कधी झाली, हा पाठपुरावा किती पानांवर दिसला? त्यासाठी वाचकानंही हात सैल सोडला पाहिजे. अडीचशेचा पिझ्झा मागवणाऱ्या घरात अंकाचा एक रुपया वाढला की पेपर बंद होतो.

कल्याण-डोंबिवलीत पालिकेच्या खोट्या परवानग्या जोडून महारेराची नोंदणी मिळवलेल्या ६५ इमारती उभ्या राहिल्या. एका वास्तुविशारदानं याचिका लढवली आणि नोव्हेंबर २०२४मध्ये उच्च न्यायालयानं त्या पाडायचा आदेश दिला. तोवर लोक कर्ज काढून राहायला आले होते. बेकायदा बांधकामांवर इथल्या काही वार्ताहरांनी चिकाटीनं लिहिलंय, ते वाचलंही गेलंय. पण जाहिरात दारापर्यंत पोचली, तितकी ती बातमी पोचली नाही. वाचकाची आवड खरंच जाणून घ्यायची असेल, तर त्या इमारतींतल्या एखाद्या घराची बेल वाजवा आणि विचारा: करारावर सही करायच्या आदल्या दिवशी पेपरात काय छापून आलेलं तुम्हाला आवडलं असतं?