लुडोचा फासा, जुगाराचा फासा

या वीकेंडचा विषय नखाएवढा आहे. प्ले स्टोअरवर गेमच्या नावाखाली ‘१२+’ किंवा ‘१६+’ असा आकडा असतो ना, तो.

आमच्या कासारवाडीत शेजारच्या काकूंनी मला विचारलं, "अरे, हे बारा प्लस म्हणजे बारावीनंतर का?" हसू आलं खरं, पण माझ्या मते चूक त्या आकड्याची आहे. काकूंनी आयुष्यभर खेळण्यांच्या खोक्यांवरचे आकडे पाहिलेत. तिथे ‘वय ८+’ म्हणजे त्याहून लहान पोराला ते जमणार नाही. गेमवरच्या आकड्याचा अवघडपणाशी काडीचा संबंध नाही, तो फक्त आत काय दाखवलंय ते सांगतो. बुद्धिबळाचा गेम ३+ असू शकतो, तीन वर्षांच्या पोराला घोडा अडीच घरं नेता येवो न येवो. एकच खूण, दोन अर्थ. आमच्या टेस्टिंगवाल्यांनी पहिल्याच दिवशी बग टाकला असता :)

हे सगळं सुरू झालं अमेरिकेत. ‘मॉर्टल कॉम्बॅट’वरून १९९३ मध्ये तिथल्या सिनेटमध्ये सुनावणी झाली आणि १९९४ मध्ये ईएसआरबी आलं. युरोपात २००३ मध्ये पेगी आलं, आकड्यांसोबत चित्रं घेऊन. आपल्याकडे सिनेमाला सेन्सॉर बोर्ड आहे, गेमला तसं काही नाही. प्ले स्टोअरवरचा आकडा येतो तो आयएआरसी नावाच्या पद्धतीतून: गेम बनवणारा एक प्रश्नावली भरतो आणि त्यावरून रेटिंग पडतं.

मग पेगीचीच चित्रं उचलायची का? भीतीसाठी कोळी, जुगारासाठी फासे, ड्रग्जसाठी सिरिंज. आपल्याकडे कोळी म्हणजे दिवाळीची साफसफाई राहिलीय. फासा म्हणजे लुडो नाहीतर सापशिडी. जुगार म्हटलं की डोळ्यासमोर येतात पत्ते. सिरिंज तर सरळ दवाखाना.

रंगांची गंमत वेगळीच. पेगीत ३ आणि ७ हिरवे, १२ आणि १६ नारिंगी, १८ लाल. आपल्याकडे बिस्किटाच्या पुड्यावर हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, आणि कीटकनाशकाच्या डब्यावर हिरवा त्रिकोण म्हणजे "विष कमी, पण विषच". मांसाहाराचा तपकिरी ठिपका बदलून आता त्रिकोण केलाय, ते मात्र उत्तम झालं. हिरवा-तपकिरी ओळखू न येणाऱ्यालाही आकार कळतो. रंग हा नेहमी दुसरा पुरावा असावा, एकमेव नाही.

पण खरी गोम पुढेच आहे. काकूंचा मुलगा आठवीत. १२+ त्याला अडवतच नाही, आणि गोळीबाराची काकूंना फारशी काळजीही नाही. रात्री अकराला हेडफोन लावून तो कुणाशी बोलतो, आणि ‘स्किन’साठी पैसे कशाला मागतो, ही त्यांची काळजी. २०२५ च्या कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम बंद झाले, पण गेममधल्या कपड्यांची नि बंदुकांची विक्री चालूच आहे. ‘इन-अ‍ॅप खरेदी’ हे शब्द बारीक अक्षरांत असतात, ते वाचतं कोण? पेगीने २०१८ मध्ये खरेदीसाठी वेगळं चिन्ह आणलं. आपल्याकडे रुपयाचं चिन्ह तयारच आहे की! ते ठळक टाका. आणि अनोळखी माणसाशी बोलणं होतं, यासाठी दुसरं. वयाचा आकडा या दोघांनंतर आला तरी चालेल. आकडाही नुसता नको, ‘१२ वर्षांपुढे’ असं मराठीत लिहा.

दुसरं चिन्ह कसं दिसावं? फोन धरलेला, चेहरा नसलेला माणूस, असं मला सुचतंय, पण माझ्या सुचण्याला किंमत नाही. अमेरिकेतलं आन्सीचं एक मानक आहे, धोक्याच्या चिन्हांसाठी: किमान ८५ टक्के लोकांना अर्थ बरोबर कळला पाहिजे, आणि घातक गैरसमज ५ टक्क्यांहून जास्त नको. मला त्यातली दुसरी अट जास्त महत्त्वाची वाटते. चिन्ह कळलंच नाही तर माणूस निदान विचारतो, उलटं कळलं तर निर्धास्त होतो.

चाचणीला ऑफिसातले लोक मात्र नकोत, आम्हाला सगळंच कळतं (असं आम्हाला वाटतं). चार चित्रं कागदावर छापा आणि संध्याकाळी कासारवाडी स्टेशनच्या फलाटावर उभे राहा. लोकल उशिरा असली तर सॅम्पल साईज आपोआप वाढेल.