झुबिन मेहता ‘आपले’ कसे?

झुबिन मेहतांचे नाव निघाले की आपण ‘मुंबईचा मुलगा’ म्हणून छाती फुगवतो. पण १९३६ साली मुंबईत जन्मलेल्या या मुलाला डॉक्टरकीचा अभ्यास सोडून १९५४ साली व्हिएन्ना गाठावी लागली, हे कुणी सांगत नाही. वडील मेहलींनी मुंबईत वाद्यवृंद उभा केला होता खरा. परंतु पूर्णवेळ पगारी वाद्यवृंद शहराला मिळाला तो थेट २००६ साली! तोवर झुबिन लिव्हरपूलची स्पर्धा जिंकून माँट्रियल, लॉस एंजेलिस, न्यूयॉर्क करून आले होते.

जपानचे सेइजी ओझावाही परदेशीच नावारूपाला आले. बोस्टनला २९ वर्षे होते. मात्र १९८४ साली गुरू सैतो यांच्या स्मरणार्थ त्यांनी मायदेशी वाद्यवृंद जमवला. वाजवणारे बहुतेक त्याच गुरूचे शिष्य. म्हणजे शिकवणारा आधी घरी होता!

आमच्या डोंबिवलीत गल्लोगल्ली तबला-पेटीचे वर्ग आहेत, आणि दहावी आली की पेटी माळ्यावर जाते. माझे व्हायोलिन तसेच गेले. घरच्यांना दोष देत नाही. लोकलच्या पासाचे पैसे सुरांतून निघत नाहीत. पण महाविद्यालयात वक्तृत्वाच्या करंडकांना काचेचे कपाट आहे, तर वाद्यांना एक खोली का नसावी? जिमखान्यामागची रिकामीच असते.