शकुंतलेसाठी वर्गणी



यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर ही शकुंतला रेल्वे किलिक निक्सन कंपनीने बांधली ती वऱ्हाडचा कापूस मुंबईमार्गे विलायतेला न्यायला. वाफेचे इंजिनही मँचेस्टरचेच. ते १९९४ पर्यंत धावले. आता गाडी बंद, रूळ गवतात.

एखादे स्टेशन दुरुस्त करून तिथे कापसाचे संग्रहालय व्हावे. ज्याच्या दारी सोसायटीची नोटीस, त्याच्याकडे वर्गणी मागायची कशी? क्विंटलमागे एक रुपया मागावा, जास्त नाही. तोही रेल्वेशी लेखी करार झाल्यावरच; जागा त्यांची आणि डागडुजी आपली, हा धंदा नको. भिंतीवर नुसते इंजिनाचे फोटोही नकोत. गाठीला भाव काय आणि पिकवणाऱ्याच्या हाती काय पडले, तो हिशेब लागला पाहिजे. अडत्याच्या जुन्या पट्ट्या चुलीत घालू नका, पुढच्या बैठकीला घेऊन या.