आवाज त्यांचा, बोलीही त्यांचीच



एप्रिलमध्ये ११ तारखेला जोतीरावांची जयंती आणि १४ला बाबासाहेबांची. या निमित्ताने मंडळाचा पॉडकास्ट सुरू करायचं ठरलं आहे. पाहुणे म्हणून गायक, नट, उद्योजक अशी नावं पुढे आली आहेत. माझा आग्रह वेगळा आहे. सुरुवात हक्कांसाठी झगडलेल्या माणसांपासून व्हावी.

मी वर्ध्याला लागून असलेल्या पिपरी मेघेची. वर्ध्याचं लक्ष्मीनारायण मंदिर जमनालाल बजाजांनी १९२८ साली अस्पृश्यांसाठी खुलं केलं, हे लहानपणापासून ऐकत आले. दार उघडणाऱ्याचं नाव पाठ आहे. त्या दारातून पहिल्यांदा आत गेलेल्या बायांना काय वाटलं, हे मात्र मला कुणी सांगितलं नाही.

अशी पोकळी भरायला ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून निघाल्या. आंबेडकरी चळवळीतल्या वयस्क स्त्रियांना गाठून, त्यांना बोलतं करून त्यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक १९८९ साली सिद्ध केलं. याच चळवळीत जुलै १९४२ मध्ये नागपुरात दलित महिलांची परिषद भरली, अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या. हजारो बाया जमल्या होत्या. त्या पिढीचं बोलणं वेळेवर टिपलं गेलं म्हणून उरलं. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनीही गावोगावी फिरून जात्यावरच्या लाखावर ओव्या जमवल्या. माजलगावच्या बायांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्या त्यांच्याच आवाजात आज इंटरनेटवर ऐकता येतात. माझ्या लेखी आपल्या पॉडकास्टचे खरे पूर्वज हेच.

भारतात खासगी एफएम किंवा सामुदायिक रेडिओला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. पॉडकास्टला रेडिओसारखा परवाना लागत नाही. फोन आणि शांत खोली असली की काम होतं. म्हणूनच कार्यकर्त्यांना तो जवळचा वाटतो.

जातीचा विषय फक्त गावाकडचा नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिअॅटल शहराने जातीवरून भेदभाव करण्यास कायद्याने बंदी घातली. प्रस्ताव मांडणाऱ्या क्षमा सावंत पुण्यात जन्मलेल्या. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने संमत केलेलं तशाच आशयाचं विधेयक राज्यपालांनी नाकारलं. या दोन्हींवर आपल्या सदस्यांची मतं टोकाची आहेत. ती जेवणाच्या टेबलावर दबक्या आवाजात राहण्यापेक्षा माइकसमोर, नीट प्रश्न विचारून यावीत. ओळख झाल्याझाल्या आडनाव आणि गाव का विचारलं जातं, आणि ते ऐकून कुणाला आजही का अवघडतं, हे त्या माणसाच्याच तोंडून ऐकू या.

दोन गोष्टींची काळजी मात्र घ्यावीच लागेल. नाव बदललं तरी आवाज ओळखता येतो, म्हणून रेकॉर्डिंग आधी बोलणाऱ्याला ऐकवायचं आणि तो म्हणेल तो भाग काढून टाकायचा. दुसरी गोष्ट भाषेची. माइक समोर आला की माणसं पुस्तकी बोलू लागतात. आमच्याकडची वऱ्हाडी लगेच गिळली जाते. संपादन करताना कुणाचीही बोली ‘सुधारू’ नये. तीही त्या माणसाची साक्ष आहे.

तुमच्या घरात, ओळखीत, गावी अशी कुणी आजी, काका, कार्यकर्ता असेल, तर आधी त्यांची परवानगी घ्या आणि ३० एप्रिलपर्यंत समितीला कळवा. ऐंशीच्या पुढच्यांना आधी वेळ देऊ.

– संपादक