थंडीपुरता पाहुणा : रॅननक्युलस

मैत्रिणींनो, नवरात्र संपले की नर्सरीत हिवाळी कंदांची पाकिटे दिसू लागतात. त्यातल्या रॅननक्युलसच्या पाकिटावर नजर हमखास थांबते. फूल गुलाबासारखे भरगच्च, पण पाकळ्या इतक्या तलम की चिरोट्याचे पापुद्रेच जणू! पांढरा, पिवळा, केशरी, गुलाबी, लाल असे सगळे रंग. चित्र खोटे नसते, फूल खरोखरच तसे येते. पण पुष्कळ जणींचे कंद मातीतच कुजतात आणि मग "माझ्या हाताला यशच नाही" असे म्हणून त्या गप्प बसतात. हाताचा दोष नसतो, बरं का. दोष बहुधा तारखेचा आणि पाण्याचा असतो.

या झाडाचे माहेर म्हणजे तुर्कस्तान, क्रीट बेट आणि भूमध्य समुद्राच्या पूर्वेकडचा मुलूख. तिकडे पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. म्हणून हा कंद थंडीत वाढतो, वसंतात फुलतो आणि उन्हाळाभर कोरड्या मातीत झोपून राहतो. आपल्याकडे सगळे उलटे. आपला पाऊस येतो तो नेमका त्याच्या झोपेच्या दिवसांत. तेव्हा दोनच गोष्टी मनाशी पक्क्या धरा : जागेपणी त्याला गारवा हवा, झोपेत कोरडेपणा हवा. बाकीची सगळी निगा यातूनच निघते. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या कार्ल्सबाड गावी सुमारे ५० एकरांवर ही फुले लावतात आणि मार्च ते मे या दिवसांत लोक ती पाहायला जातात. तिथे समुद्रावरचा गारवा मेपर्यंत टिकतो. आपल्या वाट्याला मोजके आठवडेच येतात, ते वाया घालवायचे नाहीत.

कोणी लावावे, कोणी लावू नये

पुणे, नाशिक, सातारा, नागपूर अशा जिथे रात्री चांगली थंडी पडते, तिथल्या भगिनींनी जरूर लावावे. दिल्ली-इंदूरकडच्या आपल्या मैत्रिणींना तर हे आणखी सोपे. मुंबई, कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यावर मात्र पैसे खर्च करू नका. तिथे रात्रही दमट आणि कोमट. त्यापेक्षा निशिगंधाचे कंद लावा. फुलदाणीही सजेल आणि घरभर वासही दरवळेल.

कंद कसे निवडावेत

हे कंद कांद्यासारखे गोल नसतात. हळकुंडांची इवलीशी जुडी उलटी धरावी, तसे बोटे खाली लोंबणारे, तपकिरी आणि वाळके असतात. ते पाहून "हे मेलेले दिसतात" असे वाटेल, पण तसे नाही. हाताला कोरडे आणि टणक लागले पाहिजेत. मऊ पडलेले किंवा बुरशी धरलेले नकोत. एखादे बोट मोडले असेल तर चालते. वर जो लवदार डोळा असतो, तो शाबूत हवा. पहिल्या वर्षी दहाच कंद घ्या. दहांतून जे शिकाल ते पुढच्या वर्षी पन्नासांना उपयोगी पडेल.

लावणी

घाई करू नका. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला फुले हवीत म्हणून कोजागिरीलाच कंद पुरणाऱ्या मैत्रिणी मला माहीत आहेत. तेव्हा माती अजून तापलेली असते आणि कंद कुजतात. दिवाळीच्या सुमारास रात्री गार होऊ लागल्या की सुरुवात करावी.

कंद साध्या पाण्यात तीन ते चार तास भिजत घालावेत. ते फुगून जवळजवळ दुप्पट होतात. रात्रभर ठेवू नयेत. हरभरे भिजवायची सवय इथे उपयोगाची नाही. मग एका पसरट ताटलीत ओलसर वाळू घ्यावी. ओलसर म्हणजे मुठीत दाबली तर पाणी ठिबकता कामा नये. तीत कंद अर्धवट झाकून घरातल्या सगळ्यांत गार कोपऱ्यात, अगदी माठाच्या तिवईखाली, दहा-पंधरा दिवस ठेवावेत. मधूनमधून पाहावे आणि एखादा मऊ पडला तर काढून टाकावा. पांढरी मुळे फुटली की तुळशीच्या लग्नाच्या आसपास बाहेर लावावेत.

माती भुसभुशीत हवी : दोन भाग पोयटा, एक भाग चांगले कुजलेले शेणखत, एक भाग वाळू. बोटे खाली, डोळा वर, दोन इंच खोल आणि दोन कंदांत सहा इंच अंतर. कुंडी दहा इंची असेल तर तीन कंद पुरे. खालचे भोक खापरीने झाका, पण बुजवू नका. जागा अशी निवडा की सकाळचे चार-पाच तास ऊन मिळेल आणि दुपारी सावली येईल. पूर्वेकडची गच्ची उत्तम.

लावल्यावर एकदा नीट पाणी द्या. मग पाने दिसेपर्यंत माती जेमतेम ओली राहील इतकेच. पुढे रोपे वाढू लागली की पाणी वाढवावे, पण बोट घालून वरची माती सुकल्याची खात्री करूनच. पेंडीचे पातळ पाणी पंधरा दिवसांतून एकदा पुरते. युरियाच्या मागे लागू नका; पानेच माजतात. कोवळी पाने पक्षी टोचतात, तेव्हा सुरुवातीला जुन्या मच्छरदाणीचा तुकडा वर ताणावा. मावा दिसला तर साबणाच्या सौम्य पाण्याचा फवारा द्यावा.

ही सूचना नीट वाचा

रॅननक्युलसची पाने कोथिंबिरीसारखी दिसतात. हे झाड विषारी आहे. पोटात गेले तर तोंडाची आग होते, पोट बिघडते. रस लागला तर कातडीही चुरचुरते. म्हणून कोथिंबीर, पुदिना यांच्या शेजारी हे कधीही लावू नका. "जरा बाहेरून चार काड्या घेऊन ये" असे आपण मुलांना किंवा कामवाल्या बाईंना सहज सांगतो. त्यांना फरक कळेलच असे नाही. कुंडी वेगळ्या जागी ठेवा आणि घरातल्या प्रत्येकाला दाखवून ठेवा. फुले कापल्यावर हात धुवा.

मुलांना गंमत म्हणून हेही सांगा : या नावाचा लॅटिनमधला अर्थ 'छोटा बेडूक' असा आहे, कारण या कुळातली बरीच झाडे पाणथळ जागी वाढतात. वर्गात मी हे सांगितले की पोरे ते नाव विसरत नाहीत.

फुले कापावीत कधी

लावल्यापासून साधारण तीन महिन्यांनी, म्हणजे फेब्रुवारीत, दीड फुटापर्यंतच्या दांड्यांवर कळ्या डोलू लागतात. फुलदाणीसाठी फूल पूर्ण उमलेपर्यंत थांबायचे नसते. कळीला रंग चढला की ती दोन बोटांत हलकेच दाबून पाहा. सुपारीसारखी टणक लागली तर थांबा. गुलाबजामसारखी लुसलुशीत लागली तर सकाळी ऊन चढण्याआधी दांडा बुडाशी कापा. कापत राहिलात तर कंद नवे दांडे देतो. फुले झाडावरच सुकू दिलीत तर त्याची शक्ती बियांत जाते.

दांडा पोकळ असतो, त्यामुळे खोल पाण्यात तो लवकर कुजतो. अरुंद तोंडाचे भांडे घ्या. तांब्याचा गडूदेखील शोभतो. त्यात तीन बोटे पाणी घाला. पाणी रोज बदला, दोन दिवसांनी दांड्याचे टोक पुन्हा कापा, पंख्याखाली आणि उन्हात ठेवू नका. आठवडाभर फुले सहज टिकतात आणि रोज थोडी थोडी उमलत जातात.

आमच्या सासूबाईंनी पहिली फुले पाहून विचारले होते, "वास नाही, वेणीत गुंफता येत नाही, मग अगं, एवढा खटाटोप कशासाठी?" प्रश्न रास्तच होता. आपल्या घरात फुलाला देव्हारा असतो, अंबाडा असतो, पाहुण्यांसाठी हार असतो. जास्वंदीला वास नसला तरी गणपतीचा मान असतो. या फुलाला त्यातले काहीच नाही. ते नुसते पाहायचे. दुपारी दोन वाजता, ओटा आवरून झाल्यावर, आपण एकट्या चहाचा कप घेऊन बसतो ना, त्या टेबलावर ते असावे. घरातल्या एखाद्या गोष्टीचा उपयोग फक्त आपला जीव सुखावण्यापुरता असला, तर त्याचा हिशेब कोणाला द्यावा लागत नाही. सासूबाईंना मी एवढेच म्हटले, "बसा ना जरा इथं." हल्ली त्या दुपारी तिथेच बसतात.

फुले संपल्यावर

होळीनंतर ऊन तापले की पाने पिवळी पडतात. घाबरून पाणी घालू नका. झाड झोपायला निघाले आहे. पाणी बंद करा, पाने पूर्ण वाळू द्या, मग कंद उकरून सावलीत सुकवा आणि कोरड्या वाळूत किंवा कागदी पिशवीत, ओल न येणाऱ्या फळीवर ठेवा. प्लॅस्टिकची पिशवी नको. आपल्या पावसाळी हवेत त्यातले सगळेच टिकतील अशी आशा धरू नका, आणि टिकले तरी दुसऱ्या वर्षी फुले पुष्कळदा लहान येतात. म्हणून दरवर्षी थोडे नवे कंद घेणे शहाणपणाचे.

तेव्हा यंदा कंद आणलेत की पाकिटावर आधी एक तारीख लिहून ठेवा : दिवाळीच्या आत भिजवायचे नाहीत. एवढे पाळलेत तरी निम्मे काम झाले.